मुकी मंडळी

गेल्या नाताळच्या दिवशी आमच्या देवळात जे घडले त्याचा राग अजून माझ्या मनातून गेलेला नाही, आणि तो निवण्यापूर्वीच कागदावर उतरावा म्हणून हा लेख लिहायला बसलो आहे. दिवाळीच्या अंकात, चकली-करंजीच्या जोडीला, ख्रिस्ती देवळातले भांडण वाचकाच्या ताटात वाढावे काय, असा प्रश्न मी स्वतःला विचारून पाहिला. उत्तर असे आले, की भांडण आमच्या देवळातले असले तरी रोग सर्वांच्या घरचा आहे. वाचकाने शेवटपर्यंत वाचावे आणि मग आपल्या गल्लीतल्या मांडवाकडे एकवार पाहावे.

बीडहून सोलापूरच्या रस्त्याला लागले, की मांजरसुंब्याच्या पुढे आमचे चौसाळा लागते. येथल्या एका खाजगी शाळेत मी मुलांना गाणे आणि हस्तकला शिकवतो. माझे स्वतःचे शिक्षण मॅट्रिकपुढे गेले नाही. चार कादंबऱ्या मात्र लिहिल्या. त्या किती जणांनी वाचल्या हे कोणी विचारू नये. रविवारी मी पेटीवाला असतो. आमची मंडळी (उपासनेला जमणाऱ्या समाजाला आम्ही ख्रिस्ती लोक मंडळी म्हणतो) साठ-सत्तर माणसांची. देऊळ म्हणजे पत्र्याचे छप्पर घातलेली एक लांबट खोली. पाळकसाहेब महिन्यातून दोनदा येतात, इतर रविवारी पंचांपैकी कोणीतरी उपासना चालवतो. गायने मात्र बारमाही माझ्याकडे. या गोष्टीला आता बावीस वर्षे झाली.

तर गेल्या नाताळला आमच्या पंचांनी वर्गणी काढून एक कीबोर्ड आणि दोन उंच स्पीकर घेतले, आणि शहरातून पाच तरुणांचा एक गायकसंच बोलावला. खोटे कशाला सांगू, पोरे सुरेल गायली. गाणी हिंदी होती, ताल आधीच ध्वनिमुद्रित करून आणलेला होता, आणि आवाज असा, की पत्रे थरथरत होते. ऊसतोडीला गेलेली माणसे वजा केली आणि बाहेरगावचे पाहुणे मिळवले, तर देवळात त्या दिवशी शंभर माणूस सहज असेल. त्यातली गाणारी तोंडे पाच. बाकीच्यांनी मोबाइल वर धरून चित्रे घेतली आणि शेवटी टाळ्या वाजवल्या. दारात एक पंच माझा हात हातात घेऊन म्हणाले, “मास्तर, कार्यक्रम झकास झाला!”

कार्यक्रम! माझे डोके फिरले ते या शब्दाने.

आमच्या देवळात बायांच्या बाजूला अगदी मागे, भिंतीला टेकून, एक म्हातारी बसते. तिला अक्षरओळख नाही. लहानपणी वस्तीवर येणाऱ्या बायबलबाईच्या तोंडून ऐकून ऐकून तिने गायने पाठ केली. किती, ते तिलाही सांगता येणार नाही. पण मी पेटीवर कोणतीही चाल धरावी आणि तिने पुढची ओळ उचलावी, असे बावीस वर्षे चालले होते. माझा स्वर चुकला तर तिच्या आवाजाने तो मला कळे. त्या दिवशी मी तिला विचारले, “मावशी, आज तुमचा आवाज आला नाही?”

ती म्हणाली, “आता ते डबडंच म्हणायलंय की, मास्तर. मंग म्या कशाला घसा फोडू?”

माझा सगळा वाद या एका वाक्यात आहे. पुढे जे लिहितो तो केवळ त्याचा विस्तार.

देवळात गाण्याचा पुढाकार घेणाऱ्या माणसाचे काम गाणे हे नव्हे, गाववणे हे आहे. त्याची परीक्षा त्याच्या स्वतःच्या गळ्यावरून करायची नाही. मागच्या भिंतीशी बसलेली म्हातारी गायली की नाही, यावरून करायची. ती गायली तर तो बेसूर असला तरी पास. ती गप्प बसली तर तो गंधर्व असला तरी नापास. पंढरीच्या दिंडीत विणेकरी असतो. वीणा त्याच्याकडे असते, मान त्याचा असतो. पण त्याचाच तेवढा आवाज ऐकू येऊ लागला आणि टाळकरी थंड पडले, तर त्या दिंडीला दिंडी कोण म्हणेल?

हे शहाणपण मला जन्मतः नव्हते. मीही याच रोगाचा जुना रोगी आहे. पेटी हाती आली त्या पहिल्या वर्षी मला वाटे, आपण गावे आणि मंडळीने माना डोलवाव्यात. साध्या अभंगाच्या चालीत मी हरकती घेई, ताना टाकी. मंडळी मुकाट्याने थांबून राही आणि ओळ संपल्यावर कशीबशी पुन्हा गाडी पकडी. मला ते कौतुक वाटले; ती अडचण होती. तेव्हा स्पीकर नव्हता, म्हणून माझ्या मूर्खपणाची मजल पहिल्या तीन रांगांपर्यंतच गेली. आज यंत्राने त्याच मूर्खपणाला शेवटच्या रांगेपर्यंत पोहोचवले आहे, इतकेच.

माणूस समुदायात का गातो, याचा नीट विचार करून पाहा. शेजारच्याचा आवाज त्याच्या कानावर पडतो, म्हणून त्याला धीर येतो. चुकले तर लपून जाते, बरोबर आले तर भर पडते. स्पीकरने शेजाऱ्याचा आवाज पुसून टाकला, की प्रत्येक जण शंभरांत एकटा पडतो. आणि एकटा माणूस गात नाही. दुसरी गोष्ट पट्टीची. पुरुषाचा गळा साधारण काळी एक, पांढरी दोनच्या आसपास सुखाने चालतो. बाईचा काळी चार, काळी पाचला. दोघांना एकत्र गायचे म्हणजे कोणाला तरी मान उंचवावी किंवा खाली घालावी लागते. पेटीवाला शहाणा असेल तर तो चालीचा सर्वांत उंच स्वर आधी पाहतो आणि मधली पट्टी धरतो; पावसाळ्यात माणसांचे घसे बसलेले असले तर आणखी उतरतो. ध्वनिमुद्रित ताल-सूर आणला, की पट्टी ठरली, लय ठरली, कडवी किती तेही ठरले. म्हातारीला दम लागला तर मी थांबतो, ते डबडे थांबत नाही. वाद्य माणसाच्या मागे चालायचे, त्याऐवजी माणसे वाद्याच्या मागे धावतात, आणि धावता आले नाही की खाली बसतात.

कीबोर्ड वाजवणारा मुलगा माझाच विद्यार्थी. तो मला म्हणाला, “सर, तुमची गाणी रडकी वाटतात आम्हांला. आणि निम्मे शब्द कळत नाहीत. पोरं देवळात यायची असतील तर काहीतरी नवं पाहिजे ना?” त्याचे म्हणणे मी टाकाऊ समजत नाही. वर्षानुवर्षे आम्ही लय इतकी ओढली आहे, की धुमाळीत नाचत जाणारे गायन प्रेतयात्रेच्या पावलांनी चालू लागले. हा दोष कवीचा नव्हे, माझा आहे. जुन्या गायनांतले शब्द कळत नाहीत हेही खरे. पण ते समजावून सांगायला दोन मिनिटे पुरतात, आणि ती मी कधी दिली नाहीत. नवी गाणी हवीत, जरूर हवीत. कीबोर्डलाही माझी हरकत नाही. आज आपण जिला देशी म्हणून मांडीवर घेतो ती पेटी तरी कोठली? मूळची युरोपातलीच. आकाशवाणीने १९४० पासून १९७१ पर्यंत तिला दाराबाहेर ठेवले होते, कारण ती आपल्या संगीताला परकी आणि अपुरी आहे असे जाणत्यांचे मत होते. तेव्हा पेटीवाल्याने कीबोर्डवाल्याला परका म्हणू नये. प्रश्न वाद्य कोणते हा नाही. त्या वाद्याने मंडळीचे तोंड उघडते की मिटते, हा आहे.

आमच्यात दुसराही एक पक्ष आहे. त्याला स्पीकर नको, हिंदी गाणी नकोत; त्याला जुन्या इंग्रजी चाली हव्यात, कारण त्यांत म्हणे भारदस्तपणा आहे. या मंडळींशीही माझे जमत नाही. इंग्रजी चाल आघातावर चालते, मराठी पद्य मात्रांवर. ‘कृपा’ या शब्दातला ‘कृ’ चालीसाठी लांब ओढला आणि ‘पा’ झटकून टाकला, की शब्द ऐकणाऱ्याला ओळखू येत नाही, मग तो भारदस्त कोणासाठी? अपवाद आहेत. ऑस्ट्रियातल्या ओबर्नडॉर्फ या लहानशा गावी १८१८ च्या नाताळच्या आदल्या रात्री शांत रात्रीचे जे गीत प्रथम गायले गेले, ते आज आमच्या पत्र्याखालीही सुखाने गायले जाते. पण त्याचे कारण त्याचा परकेपणा नव्हे. फ्रान्त्स ग्रूबर या एका शाळामास्तराने लावलेली ती चाल दोन गळ्यांसाठी आणि एका गिटारीसाठी होती. कोणत्याही आईने ती पाळण्याशी गुणगुणावी इतकी साधी.

आमच्या पूर्वसूरींना हे मर्म आमच्याहून अधिक कळले होते. थॉमस स्टीफन्स हा इंग्रज जेझुइट पाद्री गोव्यात आला, येथली भाषा शिकला, आणि १६१६ साली राचोल येथे त्याचे ‘ख्रिस्तपुराण’ छापले गेले. जवळजवळ अकरा हजार ओव्या! लॅटिन त्याला येत होते. पण त्याच्या माणसांच्या कानांत ओवी होती, म्हणून त्याने ओवी घेतली. पुढे १८३१ साली अमेरिकन मिशनऱ्यांनी अहमदनगरला (आजच्या अहिल्यानगरला) ठाणे दिले, आणि त्या शतकाच्या उत्तरार्धात कृष्णराव सांगळे यांच्यासारख्यांनी ख्रिस्ती कीर्तन उभे केले. कीर्तन का? कारण कीर्तनात ध्रुपद श्रोत्यांचे असते. आणि नारायण वामन टिळक! १८९५ साली त्यांनी बाप्तिस्मा घेतला आणि १९१९ साली ते वारले. या चोवीस वर्षांत त्यांनी मराठी मंडळीच्या तोंडी जी शेकडो गायने घातली, ती आमच्या ‘उपासना संगीता’त आजही आहेत. आपण तुकारामाच्या पुलावरून ख्रिस्ताकडे आलो असे ते सांगत. त्या पुलावरून त्यांनी सबंध मंडळी पलीकडे नेली. आणि आम्ही आज तो पूल ओस टाकून पलीकडच्या तीरावर स्पीकर लावून बसलो आहोत.

गाणे मंडळीच्या तोंडून काढून घेण्याचा उद्योग नवा मात्र नाही. चौथ्या शतकात लावदिकीया येथे भरलेल्या धर्मसभेने नेमलेल्या गायकांखेरीज इतरांनी देवळात गाऊ नये असा नियम केला. लूथरच्या गायनांची पहिली लहानशी पुस्तके १५२४ साली छापली गेली आणि जर्मनीतल्या साध्या माणसाला आपले गाणे आपल्या भाषेत पुन्हा मिळाले. १६४५ साली इंग्लंडच्या पार्लमेंटने जो उपासनाविधी मान्य केला त्यात तर अशी सोय होती, की जेथे पुष्कळांना वाचता येत नाही तेथे कोणीतरी एकेक ओळ आधी वाचून सांगावी आणि मंडळीने ती गावी. म्हणजे आमच्या बायबलबाईची रीत! ज्यांना पुस्तक नव्हते त्यांना गाणे मिळावे म्हणून जगभर इतकी खटपट झाली, आणि आज आम्ही भिंतीवर पडदा लावून शब्द झळकवतो आणि वाचता न येणाऱ्या मावशीकडे पाठ करतो. पूर्वी धर्मसभेने तोंड बंद केले, आता वर्गणीने केले, फरक एवढाच.

कोणी म्हणेल, मग सगळे देशी आणा म्हणजे झाले. येथेही मी एकदा तोंडघशी पडलो आहे, तेही सांगतो. काही वर्षांपूर्वी एका शिबिरातून मी देशीपणाचे वारे अंगात भरून आलो आणि नाताळच्या उपासनेत हलगी आणली. हलगी कडकडली तशी पोरे खूश झाली. पण पुरुषांच्या बाजूचे एक वृद्ध उठले, काठी घेतली आणि बाहेर जाऊन उभे राहिले. उपासना आटोपल्यावर मला म्हणाले, “मास्तर, माझ्या बापानं ही हलगी देवीच्या देवळाबाहेर उभं राहून वाजवली. आत घ्यायचे नाहीत त्याला. ती टाकून आपण हितं आलो, अन् तुम्ही तीच पुन्हा गळ्यात घालाया लागलात?” मराठवाड्यातल्या ख्रिस्ती मंडळ्यांत मातंग आणि महार समाजातून आलेली कुटुंबे पुष्कळ आहेत. माझ्या लेखी हलगी हे वाद्य होते, त्यांच्या लेखी ती वेठ होती. हलगीत पाप नाही. उद्या त्यांचीच नातवंडे अभिमानाने ती घेऊन आली, तर मी पेटी बाजूला सारून जागा करून देईन. पण ती त्यांच्या हातांनी यावी, माझ्या हौसेने नव्हे. मंडळीला न विचारता तिच्यावर देशीपणा लादणे आणि न विचारता स्पीकर लादणे, दोन्ही एकाच जातीचे अपराध आहेत.

आता नाताळच्या त्याच रात्रीची गोष्ट. कार्यक्रम झकास झाला होता आणि मी घरी येऊन न जेवता पडलो होतो. साडेनऊच्या सुमारास फोन वाजला. आमच्या मंडळीतला एक तरुण, नवराबायको मिळून एक कोयता, उचल घेऊन पश्चिम महाराष्ट्रातल्या एका कारखान्याच्या टोळीत गेलेला. म्हणाला, “मास्तर, नाताळ हाय म्हणून कोपीवर जमलोत. दुसरं कडवं आठवंना झालंय. सांगता का?” मी कडवे सांगितले. त्याने ते मोठ्याने जमलेल्यांना सांगितले, आणि फोन तसाच चालू ठेवला. आठ-दहा माणसे असतील. कोणीतरी घागरीवर ठेका धरला होता. दिवसभर ऊस तोडून मोळ्या वाहिलेले ते आवाज; त्यांत सूर फार नव्हता, पण गप्प कोणीच नव्हते. एक पोर मध्येच रडत होते, तेही त्यात धरायला हरकत नाही. मी अंथरुणावर उठून बसलो आणि येथून गाऊ लागलो. चौसाळ्याच्या मंडळीने त्या नाताळला उपासना केली ती चौसाळ्यात केली नाही, उसाच्या फडाशेजारी पाचटाच्या कोपीत केली.

हा अंक वाचकांच्या हाती पडेल तोवर आमच्यातली कुटुंबे पुन्हा ट्रक-ट्रॅक्टरवर चढू लागलेली असतील. भांडी, कोयते, शेळी, तान्ही पोरे. थोरली पोरे आजीपाशी. बीड जिल्ह्यातल्या कोणाला हे वर्णन करून सांगायला नको. ही माणसे उन्हाळ्याच्या तोंडी परततील. तोवर पाच-सहा महिने त्यांना देऊळ नाही, पाळक नाही, वीज असली तर असली. त्यांच्याबरोबर काय जाते? जे पाठ आहे ते जाते. स्पीकर जात नाही, पडदा जात नाही, शहरातला गायकसंच तर नाहीच नाही. देवळात आम्ही त्यांच्या तोंडी काही घातले नाही, तर त्या कोपीत नाताळच्या रात्री ते मुके बसतील, आणि ते पाप त्यांचे नसेल. म्हणून मी म्हणतो, की वीज गेल्यावर जे गाणे गाता येत नाही ते मंडळीचे गाणे नव्हे.

वाचकहो, एवढे आमचे घरचे सांगून झाल्यावर तुमच्या दारात डोकावतो, राग मानू नये. पिठाची गिरणी आली आणि जात्यावरची ओवी गेली. तेथे निदान बाईचे कष्ट तरी वाचले. पण गणपतीपुढची आरती यंत्राने म्हणून कोणाचे कष्ट वाचले? लग्नातली मंगलाष्टके मावशी-आत्यांनी म्हणायची ती डबीतून वाजतात, आणि मावशी-आत्या नटून थटून चित्रे घेत उभ्या राहतात. कार्तिकी पौर्णिमेच्या सुमारास आमच्या भागातून कपिलधारला मन्मथस्वामींच्या समाधीकडे पायी दिंड्या निघतात. धर्म त्यांचा निराळा, माझा निराळा. पण चालता चालता गाणारी माणसे दिसली, की मला हेवा वाटतो, आणि त्यांच्याही मागून स्पीकर लादलेली गाडी आली, की पोटात गोळा येतो.

तेव्हा माझ्या मागण्या लिहून देतो, पंचांनी त्या वाचाव्यात. दर रविवारी एक गायन कोणत्याही वाद्याशिवाय व्हावे. पुढे गाणाऱ्याचा ध्वनिक्षेपक पहिल्या कडव्यानंतर बंद व्हावा. दसऱ्यापूर्वीच्या दोन महिन्यांत नाताळची चार गायने ओळ सांगून, मावशीच्या रीतीने, टोळीला जाणाऱ्यांकडून पाठ करून घ्यावीत. नवी गाणी आणावीत, पण आधी ती चुलीपाशी गाता येतात की नाही हे पाहावे. कीबोर्डवाल्या मुलाला मी यातले अर्धे पटवले आहे. उरलेल्या अर्ध्यासाठी त्याने मला लय वाढवायला लावली आहे, आणि ती मी वाढवली आहे.

पंच म्हणतात, मास्तर हट्टी आहे, त्याला आपल्या पेटीचा अभिमान आहे. ठीक आहे. या नाताळला मी माझी पेटी घरी ठेवून येतो. त्यांनी आपले स्पीकर घरी ठेवावेत. मग शंभर माणसे आणि एक पत्र्याचे छप्पर एवढेच उरेल. मावशीला मी पुढे बसायला सांगितले आहे. ती म्हणते, “म्या मागंच बरी हाय, मास्तर. तितनंच सगळ्यायला ऐकू जातंय.”